इंफाळच्या आकाशातला स्क्वाड्रन लीडर

लढाऊ वैमानिकाचे मोठेपण मोजण्याची एक पट्टी पहिल्या महायुद्धापासून रूढ आहे. शत्रूची पाच विमाने पाडली की वैमानिक 'एस' ठरतो. आकडा जितका वाढेल तितके नाव मोठे. वर्तमानपत्रांना ही पट्टी सोयीची होती आणि वाचकांनाही ती चटकन कळायची. पण भारतीय हवाई दलात पंचतारांकित पदापर्यंत पोहोचलेल्या एकमेव अधिकाऱ्याला ही पट्टी लावली, तर हाती काहीच लागत नाही. मार्शल अर्जनसिंग यांचा लौकिक पाडलेल्या विमानांच्या आकड्यावर उभा नाही. तो उभा आहे १९४४ मधल्या काही महिन्यांवर. त्या काळात डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात ते रोज शत्रूच्या बंदुकांच्या टप्प्यात उडत होते, आणि आपल्या स्क्वाड्रनमधल्या तरुण वैमानिकांनाही त्याच कामावर नेत होते.

कोरड्या ओढ्यातला धडा

अर्जनसिंग यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ रोजी लायलपूरचा. आज हे शहर पाकिस्तानात असून त्याचे नाव फैसलाबाद आहे. घरात घोडदळाची परंपरा होती. १९३८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यांची इंग्लंडमधल्या क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या महाविद्यालयासाठी निवड झाली. डिसेंबर १९३९ मध्ये ते अधिकारी झाले, तेव्हा युरोपात युद्ध पेटलेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या स्क्वाड्रनबरोबर ते वायव्य सरहद्द प्रांतात गेले. तिथे ब्रिटिश सत्ता आणि इपीच्या फकिराला मानणाऱ्या पठाण टोळ्या यांच्यात चकमकी चालू होत्या. भारतीय वैमानिक तिथे 'ऑडॅक्स'सारख्या दोन पंखांच्या, उघड्या कॉकपिटच्या जुन्या विमानांतून गस्त घालत. दऱ्या इतक्या अरुंद की कधी कधी कड्यावरचा माणूस वैमानिकावर वरून गोळी झाडू शके.

१९४० मध्ये मिरानशाह आणि रझमक यांच्या दरम्यान अर्जनसिंग यांच्या विमानाला जमिनीवरून गोळ्या लागल्या. त्यांनी ते एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात कसेबसे उतरवले. धडकेत नाक समोरच्या यंत्रफलकावर आदळले. मागे बसलेला गनर, हवाई सिपाही गुलाम अली, बाहेर उडी मारून धावत सुटला आणि गोंधळात नेमका टोळीवाल्यांच्या दिशेने निघाला. नाकातून रक्त वाहत असताना अर्जनसिंग त्याच्या मागे धावले आणि त्याला योग्य बाजूला वळवून घेऊन आले. दोन आठवड्यांत ते पुन्हा उड्डाणाला हजर होते.

चरित्रलेखनात अशा प्रसंगाकडे धाडसाची एक चुणूक म्हणून पाहिले जाते. त्यात अधिक महत्त्वाचे काही आहे. विमान गेले होते, स्वतःला मार लागला होता आणि शत्रू जवळ होता. अशा क्षणी एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याचे लक्ष आपल्या मागच्या माणसावर होते. पुढे इंफाळला जे दिसले, त्याची सगळी बीजे या ओढ्यात सापडतात.

पहिल्या स्क्वाड्रनचा वारसा

भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली, ती चार 'वापिटी' विमानांवर. भारतीयांना विमान उडवणे, दुरुस्त करणे आणि लढाईत नेतृत्व करणे जमेल का, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जाई. त्या शंकेला पहिले ठसठशीत उत्तर मिळाले फेब्रुवारी १९४२ मध्ये, ब्रह्मदेशात. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार, म्हणजे 'जंबो' मजुमदार, तेव्हा स्क्वाड्रनचे प्रमुख होते. हाताशी होती 'लायसँडर' विमाने, जी मुळात लष्कराला टेहळणीत मदत करण्यासाठी बनवलेली, मंद आणि अवजड. तौंगू इथे जपानी विमानांनी बाँबफेक केली, तेव्हा मजुमदारांनी लायसँडरला बाँब लावून घेतले आणि आपल्या स्क्वाड्रनमधले एकच विमान घेऊन सयाममधल्या जपानी धावपट्टीवर हल्ला केला. संरक्षणाला दोन 'बफेलो' विमाने तेवढी बरोबर होती. काम जमते हे स्वतः पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी स्क्वाड्रन नेली.

धोक्याचे काम आधी प्रमुखाने करून पाहायचे, मग इतरांना सांगायचे, ही रीत या स्क्वाड्रनमध्ये अशी रुजली. सप्टेंबर १९४३ मध्ये अर्जनसिंग यांनी कोहाटला स्क्वाड्रनची सूत्रे घेतली, तेव्हा तिच्याकडे 'हरिकेन' विमाने आली होती. १९४४ च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रन इंफाळला पोहोचली.

डोंगरांच्या कड्यातले खोरे

इंफाळचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. चहूबाजूंनी दाट जंगलाचे डोंगर. तिथे जाणाऱ्या वाटा मोजक्या. उत्तरेला कोहिमावरून दिमापूरला जाणारा रस्ता, दक्षिणेला टिड्डीमचा, आग्नेयेला पालेलवरून तामूकडे जाणारा, ईशान्येला उखरूलचा, आणि पश्चिमेला बिशनपूरवरून सिल्चरकडे जाणारी पायवाटेसारखी वाट. या मैदानात मोठे लष्करी कोठार, इस्पितळे आणि अनेक धावपट्ट्या होत्या.

मार्च १९४४ मध्ये जनरल रेन्या मुतागुची यांच्या जपानी पंधराव्या सैन्याने तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन नदी ओलांडली. बरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या. या लढाईत दोन्ही बाजूंना भारतीय होते आणि दोन्हीकडच्यांनी आपापल्या निष्ठेची किंमत मोजली, हे विसरून इंफाळची कथा सांगता येत नाही.

मुतागुचींचा सगळा डाव वेळेवर बेतलेला होता. सैनिकांनी सुमारे तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघायचे आणि तो संपायच्या आत इंफाळची कोठारे ताब्यात घ्यायची. हा हिशेब बिघडवण्यात मराठी मुलखातल्या जवानांचाही वाटा आहे. उखरूलच्या वाटेवर सांगशाक इथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी पाण्याची टंचाई सोसत, विमानातून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या हाती पडताना पाहत, जपानी फौजेला अनेक दिवस रोखून धरले. त्या दिवसांनी कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला तयारीचा अवधी मिळाला.

२९ मार्चच्या सुमारास कोहिमाचा रस्ता तुटला. दीड लाखाच्या आसपास माणसे मैदानात अडकली. धान्य, दारूगोळा, पेट्रोल, औषधे सारे डकोटा विमानांनी यायचे आणि परतताना त्याच विमानांतून जखमी बाहेर जायचे. वेढा पडून पंधरवडा उलटला, त्या सुमारास अर्जनसिंग यांनी वयाची पंचविशी पूर्ण केली.

हरिकेनचे काम

हरिकेन म्हटले की लंडनच्या आकाशातली १९४० ची झुंज आठवते. पण १९४४ पर्यंत हे विमान जुने झाले होते. मागच्या अर्ध्या भागावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेले कापड. जपानी लढाऊ विमाने त्याच्यापेक्षा चपळ होती. म्हणून पहिल्या स्क्वाड्रनकडे मुख्यतः टेहळणीचे आणि जमिनीवरील सैन्याला साथ देण्याचे काम आले.

टेहळणी म्हणजे सुरक्षित काम, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ते इथल्या सर्वांत जोखमीच्या कामांपैकी होते. जपानी सैन्य रात्री चालायचे आणि दिवसा झाडीत दडायचे. उंचावरून पाहिले तर खाली हिरव्या छपराशिवाय काही दिसत नसे. त्यामुळे वैमानिकाला झाडांच्या शेंड्यांना लागून उडावे लागे. काल नव्हती ती पायवाट आज दिसते का, ओढ्याकाठच्या चिखलात चाकांच्या खुणा आहेत का, एखाद्या झुडपाची पाने तोडून लावल्यासारखी सुकलेली आहेत का, पहाटे कुठल्या घळीतून चुलीचा धूर निघतो, हे सेकंदाच्या अंशात टिपायचे आणि परतल्यावर लष्कराच्या अधिकाऱ्याला नकाशावर अचूक दाखवायचे.

विमाने सहसा जोडीने जात. पुढच्याची नजर जमिनीवर. मागचा डावीउजवीकडे नागमोडी उडत आकाशावर आणि आपल्या साथीदाराच्या शेपटीवर लक्ष ठेवी. पुढच्याने वर पाहायचे नाही, मागच्याने खाली पाहायचे नाही. दोघांचा जीव एकमेकांच्या डोळ्यांवर. मागचा माणूस आपले काम चोख करील हा विश्वास नसेल तर पुढच्याची नजर आपोआप वर जाते, आणि मग फेरी फुकट जाते. स्क्वाड्रनमध्ये असा विश्वास तयार करणे हे नेत्याचे पहिले काम असते. हुकूम देऊन तो तयार होत नाही.

त्यात धोके अनेक. हरिकेनचे 'मर्लिन' इंजिन द्रवाने थंड राहणारे. रेडिएटरमध्ये साध्या रायफलची एक गोळी घुसली तरी द्रव गळून जाई आणि काही मिनिटांत इंजिन तापून बंद पडे. एवढ्या कमी उंचीवर पॅराशूट उघडायला वेळ नाही. खाली उतरायला मैदान नाही. मे महिन्यापासून पाऊस सुरू झाला की ढग डोंगरांवर टेकत आणि ज्या घळीतून आत शिरलो, तीच परतताना झाकलेली असे.

टेहळणीबरोबर हल्लेही होते. टिड्डीम रस्त्यावरच्या मोटारी, पूल, चिंदविनवरच्या होड्या, डोंगरमाथ्यावरचे खंदक. सैनिकांपाशी तीन आठवड्यांचाच शिधा असताना मागून येणारी एकेक मोटार जाळणे म्हणजे पुढच्या खंदकातल्या तुकडीची उपासमार जवळ आणणे होते. एका संध्याकाळी इंफाळपासून काही मैलांवर पोहोचलेली जपानी तुकडी अर्जनसिंग यांनी हेरली आणि अंधार पडायच्या आत हरिकेन तिच्यावर तुटून पडली, असा प्रसंग हवाई दलाच्या इतिहासात सांगितला जातो. टेहळणी आणि हल्ला यांमधले अंतर किती कमी ठेवता येते, याचा तो नमुना आहे.

नेता कशाने होतो

वेढ्यातल्या धावपट्टीवर रात्रही विश्रांतीची नसे. बांबूच्या झोपड्या, भोवती खंदक, आणि जपानी गस्ती तुकड्या जवळच्या डोंगरात. दिवसा विमान उडवणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना रात्री स्वतःच्या तळाचे रक्षण करावे लागे. शिधा कमी केलेला. सुटे भाग विमानातून येतील तेव्हा. अशा स्थितीत पहाटे हरिकेन उड्डाणाला तयार ठेवणाऱ्या भारतीय मेकॅनिक आणि फिटर मंडळींची नावे पदकांच्या यादीत फारशी आली नाहीत. स्क्वाड्रनच्या कामगिरीतला त्यांचा वाटा वैमानिकांइतकाच आहे.

या स्क्वाड्रनमध्ये हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे देशाच्या सगळ्या भागांतले तरुण होते. बहुतेकांची विशीही संपलेली नव्हती. त्यांचा प्रमुख त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. अशा वयात अधिकार गाजवून आदर मिळत नाही. ज्या घळीत काल गोळीबार झाला तिथे आज कोण जाणार, या प्रश्नाचे उत्तर प्रमुख स्वतःच्या उड्डाणाने देतो की यादीत दुसऱ्याचे नाव लिहून देतो, हे सगळी स्क्वाड्रन पाहत असते. अर्जनसिंग स्वतः उडत राहिले. खोऱ्याचा कोपरा न् कोपरा त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. त्यामुळे ते जे सांगत त्याला प्रत्यक्ष पाहणीचा आधार असे.

शौर्य आणि नेतृत्व हे दोन वेगळे गुण आहेत. एकटा शूर माणूस स्वतःचा जीव पणाला लावतो. नेत्याला दुसऱ्यांचे जीव पणाला लावावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी नैतिक ताकद फक्त एकाच ठिकाणाहून येते: त्याने स्वतः तो धोका पत्करलेला असावा लागतो. शिवाय त्याला धोक्याचे मोल कळले पाहिजे. निष्कारण धाडस करणारा प्रमुख स्क्वाड्रनला महागात पडतो. शत्रूच्या विमानाशी झुंजत बसण्यापेक्षा हाती आलेली बातमी सुखरूप परत आणणे टेहळणीत मोलाचे असते. झुंज टाळायलाही संयम लागतो, आणि तरुण वैमानिकाला तो शिकवणे सोपे नसते.

जून १९४४ मध्ये आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती लॉर्ड माउंटबॅटन इंफाळला आले आणि त्यांनी अर्जनसिंग यांच्या छातीवर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक स्वतः लावले. पदक देण्याचा हा समारंभ राजवाड्यात किंवा सचिवालयात न होता लढत्या तळावर झाला, हे विशेष. त्याच महिन्यात, २२ जूनला, कोहिमाकडून आलेली आणि इंफाळहून निघालेली फौज रस्त्यावर मैल १०९ जवळ एकमेकांना भेटली आणि वेढा उठला. जपानी सैन्याची हानी पन्नास हजारांच्या वर गेली. त्यात भूक आणि रोगराईचा वाटा फार मोठा होता. पहिली स्क्वाड्रन मात्र लगेच परतली नाही. चौदा महिने सलग आघाडीवर राहून १९४५ मध्येच ती मागे आली.

जुने सोबती, नव्या सीमा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीवरून झालेल्या हवाई सलामीचे नेतृत्व अर्जनसिंग यांनी केले. त्याच वर्षी सैन्याची वाटणी झाली आणि पहिली स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतात तो क्रमांक १९५३ मध्ये पुन्हा उभा राहिला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एकाच बाजूने लढलेले वैमानिक दोन देशांच्या गणवेशात विभागले गेले. असगर खान हे त्यांपैकी एक. ते पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या, तेव्हा दोन्ही हवाई दले त्यापासून दूर राहावीत यासाठी असगर खान यांनी अर्जनसिंग यांच्याशी फोनवर संपर्क साधला होता. त्या वेळी अर्जनसिंग भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

पण सप्टेंबर उजाडला आणि संयमाची वेळ संपली. १ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांब भागातून अखनूरच्या दिशेने निघाले. अखनूरचा चिनाबवरचा पूल पडला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडच्या आणि राजौरी-पूंछ भागातल्या आपल्या फौजेचा मार्ग तुटला असता. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले आणि हवाई दलाची मदत मागितली. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याइतका वेळ नव्हता. यशवंतरावांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन परवानगी दिली. विमाने किती वेळात निघतील, या प्रश्नावर अर्जनसिंग यांचे उत्तर होते, एका तासात. पठाणकोटहून पहिली व्हॅम्पायर विमाने ५ वाजून १९ मिनिटांनी आकाशात होती.

त्या संध्याकाळी बारा व्हॅम्पायर आणि चौदा मिस्टेअर विमाने लढाईत उतरली. किंमत जबर होती. चार व्हॅम्पायर परतली नाहीत. हे विमान कालबाह्य झाले आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरी त्या क्षणी जवळ तेच होते आणि रणगाडे थांबवायचे होते. दुसऱ्याच दिवशी 'नॅट' विमाने पठाणकोटला हलवली गेली आणि ३ सप्टेंबरला त्यांनी पाकिस्तानी सेबर विमानांशी सामना दिला. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेण्यात आली. ६ सप्टेंबरला पठाणकोटवरच हल्ला झाला आणि जमिनीवर उभी असलेली सुमारे दहा विमाने नष्ट झाली. हा धक्का मोठा होता. युद्धात अशा चुका होतात. प्रमुखाची पारख तो त्यांतून दलाला किती लवकर सावरतो यावर होते. युद्धविराम होईपर्यंत भारतीय हवाई दल लढत राहिले, आणि जमिनीवरच्या सैन्याला त्याची साथ सुटली नाही. १९६६ च्या जानेवारीत अर्जनसिंग हवाई दलाचे पहिले एअर चीफ मार्शल झाले, आणि २००२ मध्ये त्यांना मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हे पद मिळाले.

एका तासात विमाने पाठवतो, असे मंत्र्याला सांगणे आणि ते खरे करून दाखवणे यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. टाक्या भरणारा, गोळ्या चढवणारा, नकाशा दाखवणारा, आणि जुन्या विमानात बसून तरीही निघणारा. या साखळीतली प्रत्येक कडी अर्जनसिंग यांनी इंफाळला जवळून पाहिली होती. सैन्य खाली अडचणीत असताना विमानाचा आवाज ऐकू आला की जवानाला काय वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणून १९६५ चे उत्तर १९४४ च्या अनुभवातून आले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी पत्नी तेजी यांच्यासह स्वतःची शेतजमीन विकून दोन कोटी रुपये हवाई दलातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी दिले. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, अठ्ठ्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. पश्चिम बंगालमधला पानागढचा हवाई तळ आता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

लढाऊ वैमानिकांच्या कथा सांगताना आपण पाडलेली विमाने मोजत आलो. ती मोजावीतही, कारण त्या आकड्यांमागे खरे शौर्य असते. पण स्क्वाड्रनच्या प्रमुखाचे मोजमाप करायचे, तर त्याच्या हाताखालच्या माणसांनी धोक्याचे काम किती विश्वासाने अंगावर घेतले, ते पाहावे लागते. आजही भारतीय हवाई दलातल्या लढाऊ स्क्वाड्रनचा कमांडिंग ऑफिसर स्वतः उडतो, आपल्या तरुण वैमानिकांना घेऊन उडतो. ही रीत मजुमदार आणि अर्जनसिंग यांच्या पिढीने प्रत्यक्ष लढाईत पाळली. तीच त्या पिढीने देशाला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी आहे.